कूस बदलायला घरात कोण आहे?

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी निघतो तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर शेवटी चार-पाच ओळी लिहिलेल्या असतात. दर दोन तासांनी कूस बदला. नळीने दर अडीच-तीन तासांनी पातळ आहार द्या. लघवीची पिशवी वेळेवर रिकामी करा. व्यायाम चालू ठेवा. पंधरा दिवसांनी दाखवायला आणा. नातेवाइकांच्या हातात फाइल येते, बिलाची किंवा योजनेच्या कार्डाची धावपळ संपते, आणि त्या ओळी कोणी नीट वाचेपर्यंत गाडी गावाच्या वाटेला लागलेली असते.

हाच कागद पुण्यात कोथरूडच्या लिफ्ट असलेल्या इमारतीत जातो. हाच कागद गुहागर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत, रस्त्यापासून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून खाली असलेल्या घरात जातो. आणि हाच कागद बीड जिल्ह्यातल्या दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरातही जातो. औषधं सारखी, सूचना सारख्या. तीन महिन्यांनी या तीन घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या पाठी पाहिल्या तर मात्र तो एकच कागद होता यावर विश्वास बसणार नाही.

दोन तास हे माप कुठून आलं, ते आधी सांगायला हवं. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी आणि मांस दाबलं जातं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. धडधाकट माणूस झोपेतही नकळत हलतो, म्हणून त्याला काही होत नाही. ज्याची एक बाजू गेली आहे त्याला हलता येत नाही आणि दुखतंय हेही पुष्कळदा कळत नाही. माकडहाड, टाचा, कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडं, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू या जागा आधी जातात. पहिली खूण लाल डागाची. बोटाने दाबल्यावर डाग क्षणभर पांढरा पडला तर रक्त अजून फिरतंय. दाबूनही तो तसाच राहिला तर जखम आतून सुरू झालेली आहे. सावळ्या अंगावर हा लालपणा दिसत नाही. तिथे हाताने पाहावं लागतं. भोवतीच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागते, किंवा कडक, किंवा उलट पिठासारखी मऊ. आपल्याकडची बहुतेक माणसं सावळी, आणि कित्येक घरांत उजेड एका बल्बचा. त्यामुळे पहिली खूण हुकते आणि कातडी फुटल्यावरच सगळ्यांचं लक्ष जातं.

दिवसाचे चोवीस तास, म्हणजे बारा वेळा कूस. महिन्याला तीनशे साठ वेळा. आकडा सोपा आहे, पण प्रत्येक वेळी पन्नास-साठ किलोचं एक निर्जीव अंग वळवायचं असतं. ते ओढत सरकवलं तर चादरीच्या घर्षणाने कातडी सोलते, म्हणून उचलावं लागतं. दोन माणसं असतील तर खांद्यापासून मांड्यांपर्यंत चौघडी घातलेलं जुनं सुती लुगडं अंगाखाली कायम ठेवायचं आणि दोन्हीकडून त्याच्या कडा धरून माणसाला अलगद उचलून सरकवायचं. यापेक्षा चांगलं साधन बाजारात नाही. एकटं माणूस असेल तर रुग्णाच्या एका बाजूला उभं राहायचं, त्याचा पलीकडचा गुडघा दुमडायचा, पलीकडचा हात छातीवर आणायचा, एक हात त्याच्या पलीकडच्या खांद्यावर आणि दुसरा कमरेवर ठेवून त्याला आपल्याकडे वळवायचं. मग पाठीशी उशी द्यायची, अशी की अंग पूर्ण कुशीवर न जाता साधारण तीस अंशांत कललेलं राहील. पूर्ण कुशीवर झोपवलं तर सगळा भार कमरेच्या एका हाडावर येतो. एक उशी दोन गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. लुळा हात धरून ओढायचा नाही. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, ओढाताणीने सांधा खाली उतरतो आणि मग तो खांदा वर्षानुवर्षं ठणकतो. काखेत हात घालून उठवणं ही आपल्याकडची सर्रास सवय. त्या सवयीने किती खांदे गेले असतील!

दोन चुका मायेपोटी होतात. लाल झालेली जागा चोळणं ही एक. तिथल्या वाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात, चोळल्याने त्या फुटतात. दुसरी, मधे भोक असलेली गोल रबरी उशी माकडहाडाखाली ठेवणं. भोकावरची कातडी वाचावी हा हेतू, पण भोवतालच्या कड्याचा दाब मधल्या जागेचा रक्तपुरवठाच तोडतो. वरून स्पिरिट लावलं की कातडी कोरडी पडून तडकते. लघवीने ओली झालेली जागा कोमट पाण्याने धुऊन, टिपून, खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलिनचा हलका थर पुरतो.

यातलं काहीही अवघड नाही. आठवी शिकलेली बाई दोन दिवसांत शिकते. म्हणूनच या विषयातली असमानता ज्ञानाची किंवा यंत्रांची आहे असं मी मानत नाही. ती तासांची आहे. दर दोन तासांनी मोकळे असलेले दोन हात कोणाच्या घरात आहेत, एवढाच प्रश्न.

कोथरूडच्या घरात ते हात विकत मिळतात. रुग्ण सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन केला की संध्याकाळपर्यंत मावशी येते. पुरुष रुग्ण जड असेल तर मामा येतात. बारा तासांच्या ड्यूटीला महिन्याचे साधारण अठरा ते पंचवीस हजार, दिवस आणि रात्र अशा दोन बायका ठेवल्या तर त्याच्या दुप्पट. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेली सिस्टर हवी असेल तर आकडा आणखी वर जातो. शिवाय एअर बेड, डायपर, हातमोजे, आठवड्यातून तीनदा घरी येणारा फिजिओथेरपिस्ट. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर खोलीत कॅमेराही लागतो. त्यात मावशी जागी आहे की नाही ते दिसतं. चादर ओली आहे का, तोंडाला वास येतोय का, हे दिसत नाही.

पैसे असले तरी काळजी चांगलीच मिळते असंही नाही, हे पुण्या-मुंबईतल्या घरांनी सोसलेलं आहे. ब्यूरो चालवायला दवाखान्यासारखी कडक नोंदणी लागत नाही, आणि मावशीने काय शिकलेलं असावं याचा सगळ्यांना बांधील असा एक नियमही नाही. सरकारमान्य कौशल्य अभ्यासक्रम आहेत, पण कोणी तो केलेला असतो, कोणी नुसतं एखाद्या नर्सिंग होममध्ये सहा महिने काम केलेलं असतं, आणि कोणी कालपर्यंत धुणीभांडी करत असते. दरात फार फरक नसतो. ‘चोवीस तासांची बाई’ हा शब्द आपण बिनदिक्कत वापरतो, पण चोवीस तास जागणारं माणूस नसतं. ती रात्री अकराला आडवी होते, पहाटे पाचला उठते, आणि मधले सहा तास रुग्ण एकाच अंगावर असतो. ती रजेवर गेली की बदली बाई येते, तिला डाव्या कमरेवरचा डाग कालपासून आहे हे कोणी सांगितलेलं नसतं. एक साधी वही खोलीत ठेवली तर हे टळतं: वेळ, कोणती कूस, किती मिली आहार, किती लघवी, शौच झाली का, कातडीवर काही दिसलं का. दिवसपाळीच्या बाईने रात्रपाळीच्या बाईला ती वही वाचून दाखवल्याशिवाय जाऊ नये.

आणि त्या मावशीचंही घर असतं. ती हिंगोलीहून, यवतमाळहून, वाशीमहून आलेली असते, ब्यूरोच्या खोलीत आठ-दहा जणींबरोबर राहते, पगारातला हिस्सा कमिशन म्हणून कापला जातो. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला, पण रुग्ण सांभाळणाऱ्या बाईला त्याचा उपयोग क्वचितच होतो. गावाकडे तिची स्वतःची सासू किंवा आई अंथरुणाला खिळलेली असेल, तर तिच्या वाट्याचे बारा तास इथे शहरात विकले गेलेले असतात. शहरातली काळजी हवेतून येत नाही. ती कुठल्यातरी गावातून उचलून आणलेली असते.

गुहागरच्या वाडीत पैसे पोचतात. चाकरमान्यांचं गाव आहे, मुंबईचा मुलगा महिन्याच्या महिन्याला पाठवतो. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, रत्नागिरीची जवळपास ५ टक्क्यांनी. गेली ती कमावत्या वयाची माणसं. मागे राहिली घरं, आंबा-काजूच्या बागा आणि म्हातारे. तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांची कूस बदलायला चौऱ्याहत्तर वर्षांची आजी असते. तिचे गुडघे गेलेले, मणके झिजलेले. साठ किलोचं अंग बारा वेळा वळवणं तिला जमणारच नाही. ती रोज दोन-तीनदा कशीबशी वळवते, बाकीचा वेळ जवळ बसून राहते. ब्यूरोची बाई इतक्या आत राहायला तयार होत नाही. शेजारच्या वाडीतली एखादी बाई सकाळी तासभर येऊन अंग पुसून जाते, तोच आधार. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बदलायचं तर आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी पाखाडीवरून रस्त्यापर्यंत उचलायचं, आणि ते चौघं वाडीत असायला गणपती किंवा शिमगा यायला हवा.

या एका कॅथेटरपाशी थोडं थांबतो, कारण सगळी व्यवस्था तिथे उघडी पडते. साधी लॅटेक्सची नळी दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते. सिलिकॉनची महाग, पण ती दोन-तीन महिने चालू शकते. ज्याला ती महाग परवडत नाही त्यालाच तीन-चारपट फेऱ्या पडतात. नळी तुंबली की लघवी पिशवीत येत नाही, ओटीपोट ताठ होतं, रुग्ण कण्हायला लागतो, कधी लघवी नळीच्या बाजूने झिरपते. आधी नळी कुठे मुडपली आहे का, अंगाखाली दबली आहे का ते पाहायचं. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी. ती खाटेवर रुग्णाच्या शेजारी ठेवली की साचलेली लघवी उलट मूत्राशयात जाते आणि दोन दिवसांत थंडी वाजून ताप येतो. पिशवी जमिनीलाही टेकू द्यायची नाही, दोनतृतीयांश भरली की रिकामी करायची. हे सगळं करूनही तुंबलेलीच असेल तर नळी बदलायलाच हवी, आणि ती बदलणारी परिचारिका घरी येत नाही. १०२ ची गाडी गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी आहे, १०८ ची जिवावर बेतलं असेल तेव्हासाठी. नुसती नळी बदलायला जाण्यासाठी भाड्याची जीप करायची. पंधरा मिनिटांच्या कामाला अख्खा दिवस आणि जीपचं भाडं.

बीडच्या घरात पैसेही नसतात आणि हंगामात हातही नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मधेच उठून येता येत नाही. मागे म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. अशा घरात आजोबांना पक्षाघात झाला तर त्यांना सांभाळते आजी, आणि आजी नसेल तर नात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने आजोबांची लघवीची पिशवी रिकामी करून मग शाळेत जायचं. शाळा सुटेपर्यंत सात तास. म्हणजे तीन कुशी चुकल्या.

हंगाम नसतानाही गणित असंच राहतं. सून सकाळी आठला खुरपायला जाते, पाचला येते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. सासऱ्यांची कूस वेळेवर बदलायची तर तिने घरी राहायचं आणि ते ३१२ रुपये रोज सोडायचे. कोथरूडची काळजी महिन्याला चाळीस हजारांची म्हणून आपण मोजतो. ही आठ-नऊ हजारांची काळजी कोणीच मोजत नाही, कारण ती न कमावलेल्या पैशांत आहे. सून ‘करत नाही’ म्हणणारे मात्र गावात पुष्कळ भेटतात.

पाण्याचाही हिशेब आहे. डायपर एक ३५ रुपयांना धरला आणि दिवसाला तीन लागले, तर महिन्याला ३,१५० रुपये होतात. ते नसतील तर जुन्या धोतराच्या, साडीच्या घड्या. दिवसाला आठ-दहा घड्या, प्रत्येक धुवायची, वाळवायची. उन्हाळ्यात ज्या गावाला टँकरने पाणी येतं तिथे या जादा तीन-चार बादल्या कुठून आणायच्या? घडी उशिरा बदलली जाते, ओल्या कातडीवर दाब आणखी लवकर काम करतो. मराठवाड्यातला मे महिना आणि पाठीवरची जखम यांचा संबंध कुठल्याच अहवालात सापडणार नाही, पण ज्या बाईने घड्या धुतल्या आहेत तिला तो माहीत असतो.

आता सरकारचा पैसा कुठे आहे ते पाहू. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, उत्पन्न कितीही असो. हा मोठा आधार आहे आणि तो घ्यायलाच हवा. पण तो भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतचा औषधोपचार त्यात बसतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं खरं आजारपण सोळाव्या दिवशी सुरू होतं.

राज्याची श्रावणबाळ योजना पासष्ट वर्षांवरच्यांना महिन्याला १,५०० रुपये देते, म्हणजे वर्षाला १८,००० (अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५००). त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. रोजगार हमीच्या दराने भागलं तर हे २१,००० म्हणजे अडुसष्ट दिवसांची मजुरीही नाही. घरात एक माणूस वर्षातून सत्तर दिवस कामाला गेला की कागदावर ते घर अपात्र. आता दुसरीकडे बघा. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत एक वजावट आहे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी). अवलंबून असलेल्या आई-वडिलांना ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर त्यांच्या शुश्रूषेसाठी १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या मुलाचा त्यातून उपकरासह ३९,००० रुपये कर वाचतो. हा पैसाही सरकारचाच, आणि तो शुश्रूषेच्या नावाने दिलेला आहे. श्रीमंताला तो मिळू नये असं मी म्हणत नाही. पण ३९,००० शुश्रूषेसाठी, आणि १८,००० (अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलं तरी ३०,०००) शुश्रूषा, जेवण, चहा, विडीकाडी, गोळ्या या सगळ्यांसाठी मिळून, ही तफावत डोळ्यांसमोर ठेवून बोलायला हवं.

हे १,५०० मिळवण्याच्या वाटेवरही अंथरुणाला खिळलेला माणूसच अडतो. दरवर्षी हयातीचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणं, आणि आधारला अंगठा. आयुष्यभर माती उपसलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र अंगठा ओळखत नाही. अशा वेळी चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय मागावी. रुग्ण घराबाहेर येऊ शकत नसेल तर तलाठ्याला किंवा बँकेच्या प्रतिनिधीला घरी येण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच ठेवावी. तोंडी विनंती पुढच्या महिन्यावर जाते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचंही तसंच, ते लवकर काढलेलं बरं, कारण कराची वजावट असो की अपंगांसाठीचं अनुदान, त्यावाचून काहीच हलत नाही. २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात जमा होतात. खुर्ची येते. तिच्यावर बसवणारं माणूस येत नाही.

घरापर्यंत जाणं सरकारला जमतच नाही असं म्हणावं तर तेही खोटं आहे. ते जमतं, आणि ते आपल्याच महाराष्ट्रातून शिकलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेतली, आणि नवजात बाळांचे मृत्यू अर्ध्याहून खाली आले. त्यावरून २०११ साली देशभर नियम झाला: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. तारखा ठरलेल्या, तपासायच्या गोष्टी ठरलेल्या, फॉर्म ठरलेला, आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, आशाताई त्यासाठी भांडतात ते बरोबरच आहे. पण तारखा आहेत, म्हणून काम होतं.

म्हाताऱ्या माणसासाठी अशा तारखा नाहीत. कागदावर सेवा आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि खिळलेल्या रुग्णांच्या घरी भेट देणं हे त्यात उपकेंद्राचं काम म्हणून लिहिलेलं आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांच्या यादीतही वृद्धसेवा आणि वेदनाशामक (पॅलिएटिव्ह) सेवा आहे. फक्त कोणत्या दिवशी जायचं, काय बघायचं, काय सोबत न्यायचं, गेल्याबद्दल काय मिळणार, हे बाळाच्या बाबतीत जसं एका ओळीत सांगता येतं तसं इथे सांगता येत नाही. मग लसीकरण, गरोदर माता, सर्वेक्षण यांच्या गर्दीत ती भेट मागे पडते. कोणाच्या मनात दुष्टावा नसतो. तारीख नसते.

केरळात हे घडवून आणलेलं आहे. १९९३ साली कोळिकोडला वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशामक सेवेची संस्था सुरू केली. सुरुवातीला ती कर्करोगाच्या रुग्णांसाठी होती. मग लक्षात आलं की पक्षाघाताचे, म्हातारपणाने खिळलेले रुग्ण कितीतरी जास्त आहेत आणि त्यांना डॉक्टरपेक्षा घरी येणारी परिचारिका हवी आहे. वस्त्यांतले स्वयंसेवक उभे राहिले, आणि २००८ साली राज्याने धोरण करून हे काम पंचायतींकडे दिलं. पंचायत आपल्या निधीतून शिकवलेली परिचारिका नेमते, ती गाडीत कॅथेटर, ड्रेसिंगचं सामान, नळ्या घेऊन ठरलेल्या दिवशी घरोघर जाते. तिथेही सगळं आलबेल नाही. महिन्यातून एक-दोन भेटींनी दर दोन तासांची कूस कोणी बदलत नाही. पण नळी बदलायला जीप करावी लागत नाही, आणि कुठली जखम सुरू झाली आहे हे महिन्याच्या आत कोणाच्या तरी नजरेला पडतं.

आपल्याकडे तोपर्यंत घरातल्यांनाच शिकावं लागणार, आणि शिकायची जागा वॉर्डच आहे. रुग्ण घरी न्यायच्या आधीचे दोन दिवस धरून ठेवावेत. सिस्टरकडून समजावून घेणं पुरेसं नाही. तिच्यासमोर आपल्या हाताने करून दाखवायचं आणि तिने ‘बरोबर’ म्हटल्यावरच सोडायचं. जी बाई घरी खरोखर करणार आहे तिनेच शिकायचं. बहुतेक वेळा वॉर्डात मुलगा थांबलेला असतो आणि घरी सुनेवर पडतं. शिकलेलं सगळं मुलाबरोबर कामाला निघून जातं.

नळीने भरवणं सगळ्यात जपून शिकायचं. नाकपुडीपाशी नळीवर पट्टीची किंवा पेनाची खूण असते, ती सरकली असेल तर काही घालायचं नाही, दवाखान्याला विचारायचं. भरवताना आणि नंतर किमान अर्धा-पाऊण तास डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी. बाजेला किंवा जमिनीवरच्या अंथरुणाला टेकण नसते, आणि गावात इथेच घोटाळा होतो. आडव्या माणसाच्या पोटात गेलेलं दूध वर येऊन फुप्फुसात उतरतं, चार दिवसांत न्यूमोनिया. एक साधी लाकडी खुर्ची उलटी करून, पाय भिंतीकडे करून गादीखाली डोक्याकडे सरकवली की तिच्या पाठीचा उतार तयार होतो. पन्नास मिलीच्या पिचकारीतून दट्ट्याने न ढकलता, पिचकारी वर धरून, आपोआप उतरू द्यायचं. एका वेळी दोनशे-अडीचशे मिली पुरे. शेवटी तीस-चाळीस मिली साधं पाणी, नाहीतर नळी दुधाच्या सायीने तुंबते. गोळ्या पूर्ण बारीक करून, पाण्यात विरघळवून, आणि कोणत्या गोळ्या कुटायच्या नाहीत हे आधी विचारून.

ज्यांची नळी निघाली आहे पण ठसका लागतो, त्यांना पाणी सर्वांत धोक्याचं. पातळ पदार्थ जिभेवरून घसरून श्वासनळीत जातो. दाटसर पेज, नाचणीची आंबील, मऊ भात हे त्यामानाने सुरक्षित. ताठ बसवून, हनुवटी छातीकडे वळवून, लहान चमच्याने, धड असलेल्या बाजूच्या गालात, आणि पहिला घास गिळल्यावरच दुसरा. एका जेवणाला चाळीस मिनिटं लागतात. चाळीस मिनिटं गुणिले चार. पुन्हा तोच प्रश्न, इतका वेळ कोणाकडे आहे.

एअर बेड घेता आला तर घ्यावा, पण तो आला म्हणजे कूस बदलणं थांबलं अशी समजूत करून घेऊ नये. त्याने दोनाचे तीन तास होऊ शकतात, बारा होत नाहीत. हवा पुरेशी आहे का ते पाहायला माकडहाडाच्या खाली गादीच्या तळाशी हात सरकवायचा. हाड हाताला टोचलं तर गादी बसली आहे. वीज गेली की तो हळूहळू बसतो, म्हणून खाली साधी गादी कायम ठेवायची. या वस्तू काही महिन्यांनी रिकाम्या होतात, आणि मग घरोघर माळ्यावर धूळ खात पडतात. गावात तीन एअर बेड, दोन कमोड खुर्च्या, दोन वॉकर, एक चाकाची खुर्ची एवढं ग्रामपंचायतीने किंवा बचत गटाने जमवून फिरतं ठेवलं तर दोन-तीन हजार वस्तीच्या गावाला बराच काळ पुरेल.

आणि माणूस? शहरातल्या ब्यूरोसाठी तीन-चार महिन्यांत मावशी तयार होते. तशाच दोन बाया गावातच शिकवून, भेटीमागे पैसे ठरवून ठेवता येतील. एका बाईने दिवसात सहा घरांत सकाळ-दुपार अर्धा-अर्धा तास दिला, तर त्या सहा घरांतल्या सुनांना शेतावरून दुपारी धावत यावं लागणार नाही. घरी सोडल्यापासून पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, तिसाव्या दिवशी आशाताईंची किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची भेट, आणि त्यात पाठ, टाचा, नळी, पिशवी, गिळणं, खांदा या सहा गोष्टी, एवढा एक पानी फॉर्म. पहिल्या महिन्यातच बहुतेक बिघाड सुरू होतात, म्हणून भेटी तिथे दाट हव्यात.

बीडमध्ये तर यादीसुद्धा नव्याने करावी लागणार नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि त्यासाठी कोणत्या घरातले आई-बाप जाणार, मूल मागे राहणार, याची नोंद शाळा दरवर्षी हंगामाच्या तोंडावर करते. ते मूल ज्या आजी-आजोबांपाशी राहतं त्यांच्यासाठी त्या नोंदवहीत रकाना नाही. एक रकाना वाढवायचा: घरात झोपून असलेलं कोणी आहे का. ‘हो’ असेल तर ते नाव टोळीचा ट्रक निघायच्या आत उपकेंद्रात पोचवायचं. दिवाळीनंतर विचारून उपयोग नाही, तोवर दार उघडायला फक्त नात असते.